ताईच्या गालावरची हळद

त्या दुपारी दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. निदान माझी तशी खात्री होती. थंडीचे दिवस, टळटळीत दुपार, आणि बडोद्याच्या रावपुऱ्याचा अख्खा रस्ता शेवाळ धरल्यासारखा हिरवट-काळा दिसत होता. मी ताईला म्हटलं, पटकन बैस, अवकाळी पाऊस येतोय, तुझ्या गालाला पाणी लागायला नको. ती निमूट मागे बसली. विश्वामित्रीच्या पुलावर मी स्कूटरचा दिवा लावला. समोरून येणारी माणसं वळून वळून माझ्याकडे बघत होती, आणि मी नुकताच कॉलेजात गेलेला असल्यामुळे त्यात मला काही नवल वाटलं नाही. पूल उतरल्यावर सिग्नलला एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "बॉस, वेल्डिंग क्यां चाले छे?" तेव्हा कुठे माझा हात नाकाकडे गेला. लेझरच्या खोलीत डोळे सांभाळायला म्हणून दिलेला तो जाडजूड हिरवा चष्मा घालूनच मी निघालो होतो. मागे ताई ओढणीत तोंड खुपसून हसत होती. गाल नुकताच भाजलेला, हसलं की ओढ बसत होती, म्हणून ती हसता हसता आई गं, आई गं करत होती. तिला दवाखान्याच्या दारातच सगळं दिसलं होतं. पण माझा दिवा लावून होईपर्यंत तिला गप्प बसायचं होतं. चष्मा परत द्यायला गेलो तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी एक शब्द न बोलता हात पुढे केला. माझ्यासारखे आधीही होऊन गेले असावेत, असा मी त्याचा अर्थ काढला.

ताईच्या, म्हणजे माझ्या मंजिरीताईच्या, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला जन्मापासून डाग होता. पापणीपासून कानशिलापर्यंत आणि खाली गालाच्या हाडावर उतरलेला, निळसर राखाडी. ओल्या कागदावर शाईचं बोट टेकवलं की शाई कशी कडेकडेने पसरते, तसा. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागातही एक निळी झाक होती. लहानपणी तो फिका होता म्हणतात. मला आठवतो तो गडदच. ती सहावी-सातवीत गेली आणि डागही तिच्याबरोबर मोठा झाला. घरात त्याला कुणी डाग म्हणत नसे. आई 'ते' म्हणायची. "ते झाकेल असा भांग पाड." आई ताईची वेणी घालायला नेहमी तिच्या डाव्या अंगाला बसायची, म्हणजे दारातून येणाऱ्या माणसाला आधी आईची पाठ दिसावी. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता एखाद्या घरात कुणी मुलीची वेणी घालताना दिसलं की मी उगाच बाजू बघतो.

आईच्या लेखी 'त्या'चं कारण ठरलेलं होतं. ताईच्या वेळी सातवा महिना असताना सूर्यग्रहण लागलं होतं. पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरू नये, मोडू नये, पाय लांब करून स्वस्थ पडून राहावं, हे तिला सासरच्या सगळ्यांनी बजावलं होतं. ती पडूनही राहिली. पण दुपारी तिच्यासमोर वालाच्या शेंगांची परडी होती, आणि रिकाम्या हातांनी बसायची तिला सवय नव्हती. ग्रहण सुटायला थोडासाच वेळ उरला असताना तिने चार शेंगा मोडल्या. बाळंतपणात दाईने मूल पुढे धरलं तेव्हा आईने आधी मुलगा की मुलगी हे विचारलं नाही, गालाकडे बघितलं आणि म्हणाली, शेंगा. हे आम्हाला तिनेच सांगितलेलं आहे, भाजी निवडता निवडता, एखाद्या दूरच्या बाईची गोष्ट सांगावी तसं. आमच्या घरात पुढे वालाची भाजी झाली नाही.

बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. आमचे पणजोबा गायकवाडी दफ्तरात कारकून होते, आणि बाबांच्या मते संस्थान त्यांनीच चालवलं. महाराज फक्त सही करायचे. मांडवीतली भाड्याची खोली सोडून आम्ही वासण्याला सोसायटीतल्या छोट्या घरात राहायला आलो, तरी बाबांनी दफ्तर सोडलं नाही. घरातली प्रत्येक गोष्ट त्यांना रीतसर लागायची. सकाळी पाण्याच्या मोटरची घरघर, शेजारच्या हंसाबेनची आरती आणि बाबांचं इस्त्री करताना खाकरणं, या तीन आवाजांवर आमचं घड्याळ चाले. आमच्या आमटीत गूळ जरा जास्तच, तो बडोद्याचा. रविवारी सेव उसळ, वर तिखटजाळ तरी, आणि बाबा दर रविवारी न चुकता म्हणायचे की ही मूळची आपलीच, गुजरात्यांनी फक्त शेव वाढवली. ताई शांतपणे म्हणायची, "बाबा, शेवेशिवाय ती नुसती मटकी आहे." बाबांना तोंडावर उत्तर देणारी घरात ती एकटी. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना ते लक्षात असावं.

मांडवीजवळच्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती नोकरीला होती. ही नोकरी का आवडते असं मी विचारलं होतं तेव्हा म्हणाली, "लोक सुई टोचताना दुसरीकडे बघतात रे. दिवसभरात माझ्याकडे कुणी बघत नाही." आणि रस्त्यावर तर प्रश्नच नव्हता. आमच्या बडोद्यात दुचाकीवरच्या सगळ्या पोरी ऊन आणि धूळ नको म्हणून ओढणी डोक्यातोंडाला गच्च गुंडाळतात, गुजरातीत बुकानी म्हणतात ती, फक्त डोळे उघडे. त्या गर्दीत ताई इतरांसारखीच एक. सिग्नलला तिच्या शेजारी कुणी मोपेडवर येऊन थांबलं तर जवळून बघितल्याशिवाय एका डोळ्यातली निळी झाक कळायची नाही. लॅबमधून घरी आल्यावर ओढणी सोडायला ती नेहमी जरा वेळ लावायची. आरशासमोर नाही, मोरीच्या दारात उभी राहून.

लेझरची माहिती तिनेच काढली. लॅबमध्ये येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे ते मशीन नवीन आलं होतं. आई सोबत गेली असती तर रडली असती आणि बाबा गेले असते तर त्यांनी मशीनला सूचना दिल्या असत्या, म्हणून मला नेलं. आधी गालाला बधिर करायचं मलम लावून वर पातळ प्लास्टिक चिकटवायचे आणि बराच वेळ बसवून ठेवायचे. मग डोळ्यांवर धातूच्या छोट्या वाट्या. मशीनच्या दांडीतून एकेक ठिणगी गालावर पडली की टच् असा आवाज यायचा, तापल्या कढईत पाण्याचा थेंब पडावा तसा, आणि दिव्यात केस जळाल्याचा वास. ठिणगी पडेल तिथली कातडी क्षणभर पांढरी व्हायची, मग लाल. नर्सबाई सारख्या म्हणत, "बेन, जराय हालशो नहीं हं." ताई हालत नसे. तिचा हात माझ्या हातात असायचा, आणि खरं सांगायचं तर घाम माझ्याच हाताला यायचा. एकदा मला खाली बसवून पाणी पाजावं लागलं. ताई डोळ्यांवर वाट्या तशाच ठेवून म्हणाली, "याला पण थोडं मलम लावा."

डॉक्टरीणबाई समजावून सांगायच्या. मूल पोटात असताना रंगाच्या पेशी आतून वर कातडीकडे येत असतात. काही वाटेतच खोल अडकून राहतात, म्हणून तो रंग निळा दिसतो. कुणी काही केल्याने होत नाही. लेझर त्या खोलवरच्या रंगाचे तुकडे करतं आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. म्हणून घाई करायची नाही. दोन बैठकींत काही महिने जाऊ द्यायचे, नंतर ऊन नको, घासणं नको, गालाला दिलेल्या मलमाशिवाय काही लावायचं नाही. मी हे सगळं घरी येऊन आईला सांगितलं, विशेषतः कुणी काही केल्याने होत नाही हे. तिने लक्ष देऊन ऐकलं. रात्री जेवणं झाल्यावर भांडी लावताना म्हणाली, "पण राजू, त्या पेशी वाटेत थांबल्या, त्या का थांबल्या?"

चार बैठकी झाल्या तोपर्यंत कडेचा निळा रंग विरला होता आणि मधला राखाडी झाला होता. लांबून बघणाऱ्याला सावली पडल्यासारखं वाटावं, इतकंच. त्याच सुमारास शशिकांत आले. तरसालीला राहणारे, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. कारखान्याच्या तपासणीसाठी रक्त द्यायला लॅबमध्ये आले. त्यांना सुईची भीती, पण दुसरीकडे बघितलं तर जास्त भीती वाटायची, म्हणून ते सुई टोचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. असे ते ताईच्या तोंडाकडे बघत राहिले. रिपोर्ट न्यायला आले, मग तो बरोबर आहे का विचारायला आले, आणि मग त्यांचे एक मामा रीतसर आमच्या घरी आले. शशिकांतरावांचे पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते. बाबा त्या दिवशी रात्री म्हणाले, "आपली लेखणी, त्यांची तलवार." म्हणजे आपण जरा वरचे. पण मुलीच्या गालाकडे बघून त्यांना जरा खालचंही वाटत होतं, आणि वरचं-खालचं मिळून हिशेब बरोबरीत सुटतो, हे त्यांना काही केल्या सोसेना. मुलाकडच्यांनी डागाबद्दल एकदाच विचारलं. बाबा म्हणाले, "लहानपणापासूनचा आहे, आता आपोआप जात चाललाय." लेझरचं नाव काढायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. उपचार चालू आहेत म्हटलं की मुलगी आजारी ठरते, हे त्यांचं गणित. ताई तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिने ते ऐकलं, आणि चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

लग्न वैशाखात ठरलं. आणि बाबांच्या डोक्यात आलं की त्याआधी एक बैठक करून घ्यावी, म्हणजे मांडवात सावलीसुद्धा राहणार नाही. ताई नको म्हणाली. साधेपणाने म्हणाली, "बाबा, त्यांनी मला बघितलंय."

"त्यांनी बघितलंय," बाबा म्हणाले. "आता चार लोक बघतील."

त्या खेपेला बाबा स्वतः आमच्याबरोबर आले. डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं की पुढच्या दिवसांत काही कार्यक्रम, प्रवास, उन्हात जाणं वगैरे आहे का, असेल तर तारीख कोणती. लग्न हा शब्द बाबांच्या तोंडून बाहेर पडला नाही. कार्य पार पडेपर्यंत बाहेर बोलू नये, दृष्ट लागते, ही आमच्या घरातली जुनी रीत. आणि बाई नको म्हणतील हीही धास्ती. ते म्हणाले, "छे छे, लॅब आणि घर, एवढंच." ताईच्या गालाला तेव्हा मलम लावलेलं होतं, वर प्लास्टिक, ओठ हलवला तरी ते सुटलं असतं. ती छताकडे बघत होती. टच् टच् आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वेळ चालला. बाबा बाहेर बाकावर बसून होते. प्रत्येक आवाजाला मान डोलवत होते, असं नर्सबाईंनी मला नंतर सांगितलं.

हळदीच्या दिवशी गालावर बारीक बारीक खपल्या धरलेल्या होत्या. आई पहाटेपासून अस्वस्थ. तिने मनाशी ठरवलं होतं की हातापायांना लावून घ्यायची आणि तोंडाला नुसतं टेकवल्यासारखं करायचं. आपल्या घरच्या बायकांना तिने तसं कानात सांगितलंही, आणि त्यांनी ते पाळलं. पण आपली हळद म्हणजे नुसती आपली नसते. नवऱ्या मुलाला लावून उरलेली, ती उष्टी हळद, तिकडून येते आणि तीच नवरीला लागते. तरसालीहून टेंपो आला, वाजंत्री आली, आणि पितळी वाटी वरून रुमालाने झाकून, शशिकांतरावांच्या आत्याबाई उतरल्या. मोठ्या आवाजाची, खळखळून हसणारी बाई. वाईट म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. मला हे आजही सांगावंसं वाटतं. मी दारात स्टुलावर उभा राहून सुटलेलं तोरण बांधत होतो, त्यामुळे मला आतलं सगळं वरून दिसत होतं. पाटावर ताई, पिवळी साडी, मुंडावळ्या बाजूला सरकवलेल्या. भिंतीशी बाबा, कोरं धोतर, हातात उगाच एक नारळ. आत्याबाईंनी आंब्याच्या पानाने पायाला लावली, गुडघ्याला लावली, हाताला लावली, आणि तोंडाकडे आल्या तेव्हा आई पुढे झाली. म्हणाली, तोंडाला राहू द्या ना, हातापायाला पुष्कळ झाली.

आत्याबाई हसून म्हणाल्या, "तोंडाला नाही? मग नवरी उजळायची कशी?"

बायका हसल्या. आई हसली नाही, आणि तिला पुढे काही सुचलंही नाही. कारण पुढचं वाक्य एकच होतं, तिच्या गालावर उपचार चालू आहेत. ते बोललं की आपोआप जाणारा डाग, मामांसमोर दिलेला शब्द, सगळं त्या खोलीत उघडं पडलं असतं. आईने बाबांकडे बघितलं. बाबा नारळाची शेंडी नीट करत होते. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण त्याखाली कसलीशी शंका यायला लागलेली मला वरून दिसली. उष्टी हळद तोंडाला नको म्हणजे आमच्या मुलाची हळद नको, की काय? मागे वाजंत्रीवाला थांबला होता. मला आठवतं ते हे की खोली बायकांनी भरलेली होती आणि पंख्याचा आवाज येत होता.

ताईने मान वर केली. सगळ्यांकडे एकदा बघितलं, आईकडे, बाबांकडे, दारात माझ्याकडे. मग म्हणाली, "लावा आत्याबाई. तोंडालाच लावा." आणि डावा गाल पुढे केला.

आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी प्रेमाने, दोन्ही हातांनी, चांगली चोळून लावली. त्यांच्यामागून पोरीबाळी धावल्या, हळदीला कोण थांबतंय. ताईच्या पायाची बोटं पाटाच्या कडेला आवळलेली मला दिसत होती. हळदीच्या पिवळ्यात एका ठिकाणी लालसर ओलं दिसायला लागलं, तेव्हा एक मुलगी म्हणाली की कुंकू सांडलं वाटतं. मग अंघोळ घालायला सगळ्याजणी तिला उठवून अंगणात घेऊन गेल्या, वैशाखाच्या उन्हात, रीतीप्रमाणे.

संध्याकाळी डोळा मिटेल इतका गाल सुजला. रात्रभर आई बर्फ लावत बसली. लग्नाला सकाळी नटवायला आलेल्या बाईने आधी हात आखडला, मग बाबांकडे बघितलं, आणि त्यावरून रंगाचा थर चढवला. अक्षता पडल्या. फोटोवाला हुशार होता, त्याने कुणी न सांगता सगळे फोटो उजव्या बाजूने काढले. पंगतीत बासुंदी होती, बटाट्याची भाजी होती, आणि चारी लोक जेवून गेले. जाताना एकानेही गालाबद्दल विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तरसालीहून शशिकांतरावांचा फोन आला. ताप होता आणि गालातून पाणी येत होतं. रावपुऱ्याच्या दवाखान्यात मी दोघांना घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ धरून बघितलं, खुर्ची मागे घेतली, आणि बराच वेळ हातमोजे काढत राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "मी तारीख विचारली होती," एवढंच म्हणाल्या. मग औषधं लिहून दिली, आणि पुढे लेझर करता येणार नाही हेही सांगितलं. शशिकांतराव औषधांचा कागद हातात घेऊन जिन्यात माझ्याजवळ थांबले. ताई आत पट्टी बांधून घेत होती. त्यांना तिथेच, त्या दिवशी, डॉक्टरांच्या तोंडून कळलं होतं की मागचं वर्षभर हे चालू होतं.

"राजू," ते म्हणाले, "हे सगळं माझ्यासाठी केलं ना? मग मला कुणी विचारलं का नाही?"

मी त्यांना म्हटलं, दाजी, रिक्षा आणतो, आणि खरंच रिक्षा आणायला गेलो.

गाल बरा झाला, म्हणजे बुजला. राखाडी डागाच्या जागी आधी करडा, जवळजवळ काळा रंग आला, आधीच्या निळ्याहून गडद. तो दोनेक वर्षांत उतरला, पण खपल्या निघाल्या होत्या तिथे पांढरे, जरासे खोल ठिपके राहिले, ते कायमचे. पावसाचे मोठे थेंब धुळीत पडून वाळावेत तसे दिसतात. ताई पुन्हा लॅबमध्ये गेली, पण रक्त काढायला बसली नाही. आतल्या खोलीत काचपट्ट्या बघायचं काम मागून घेतलं. येणारेजाणारे लोक आता दुसरीकडे बघायचे नाहीत, तिच्याकडे बघायचे, आणि विचारायचे, "बेन, दाझी गयां हतां?" भाजलं होतं का. ती हो म्हणायची. शशिकांतराव चांगले निघाले, इतके चांगले की मला त्यांच्यासमोर कधी मोकळं बसता आलं नाही. पण वासण्याच्या घरी ताई यायची ती सणावारी, बुकानी बांधूनच दारात उभी राहायची, आणि बाबा खोलीत असले तर ती सोडायची नाही. ऊन लागलंय, म्हणायची, पौषातसुद्धा. रविवारी सेव उसळीवर बाबा आपलं वाक्य म्हणायचे आणि कुणी उत्तर देतंय का, याची वाट बघितल्यासारखे थांबायचे. ते गेले तेव्हा ताई आली, त्यांच्या उशाशी बसली. तेव्हाही ओढणी होती. मग तिने ती सोडली. बाबांचे डोळे आम्ही त्याआधीच मिटले होते.

हळदीची ही हकीकत बाबा मात्र चारचौघांत सांगायचे. म्हणजे दवाखाना आणि तारीख गाळून. आमची मंजिरी कशी धीराची, गाल सोललेला असताना सासरची हळद नाकारली नाही, हूं का चूं केलं नाही, दफ्तरदारांचं रक्त. त्यांच्यानंतर ती हकीकत माझ्याकडे आली. आमच्या गोतावळ्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे; माणसं लग्नात मला जेवणाआधी बसवून घेतात. मी ती बाबांपेक्षा बरी सांगतो. आत्याबाईंचा आवाज काढतो, नारळाची शेंडी नीट करणारे बाबा करून दाखवतो, आणि मग थांबून, मान वर करून ताईचं वाक्य म्हणतो. त्या वाक्याला नेहमी दाद मिळते.

गेल्या महिन्यात ताईच्या मुलीची हळद होती, तरसालीला. पोरांनी आग्रह केला, मामा, आईची गोष्ट. मी सांगितली. मी रंगात होतो, हे कबूल करतो. "तोंडालाच लावा," म्हटलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. नवरी मुलगी आईच्या गळ्यात पडली. ताईने तिच्या पाठीवर हात फिरवला, आणि चहा कुठवर आलाय बघते, म्हणून उठून आत गेली. शशिकांतराव खुर्चीत बसून होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ते कधीच वाजवत नाहीत, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

परत येताना गाडीत माझी बायको खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं दमली असेल. घराजवळच्या वळणावर मीच विषय काढला. म्हटलं, आज गोष्ट रंगली, नाही? ताईचं धाडस म्हणजे धाडसच. ती बाहेर बघत होती. गाडी फाटकाशी थांबवली तरी उतरली नाही.

"अहो," ती म्हणाली, "त्या 'लावा' म्हणाल्या, ते कुणीतरी 'नको' म्हणावं म्हणून म्हणाल्या हो. एवढी खोलीभर आपली माणसं होती."